समोरच्यानं पुस्तक वाचलेलं नसतं

परक्या भाषेच्या पहिल्या पुस्तकात राहणारी माणसं फार सज्जन असतात. ती एका वेळी एकच बोलतात आणि पूर्ण वाक्यात बोलतात. 'स्टेशन कुठे आहे?' असं विचारलं की 'सरळ जा, मग उजवीकडे' एवढं सांगून गप्प बसतात, 'कुठलं स्टेशन? आणि आज कशाला जाताय, आज संप आहे' असं कधी म्हणत नाहीत. त्यांच्याकडे नेहमी सुटे पैसे असतात. त्यांच्या हॉटेलात मागितलेला पदार्थ शिल्लक असतो. स्पॅनिशच्या पुस्तकातला सेन्योर तर इतका निवांत, की पहिल्या तीन धड्यांत तो फक्त स्वतःचं नाव सांगतो आणि वाचनालय कुठे आहे ते विचारतो. माद्रिदच्या मुक्कामात मी एकाही माणसाला वाचनालयाचा पत्ता विचारताना ऐकलं नाही.

लेक नोकरीसाठी माद्रिदला गेली आणि आम्ही नवराबायकोनं स्पॅनिशचा वर्ग लावला. पुण्यात याचं कुणाला नवल वाटत नाही. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये तरुणपणी जर्मन नाहीतर रशियन शिकून आलेले आजोबा इथे कुठल्याही सोसायटीत निघतात. आमच्या वर्गात मेक्सिकोच्या गिऱ्हाइकांशी बोलावं लागणारी आयटीतली मुलं होती, 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' पाहून स्पेनला जायचं ठरवलेलं एक जोडपं होतं, आणि बारावीनंतर काय करायचं ते न ठरलेली बरीच होती. परीक्षेचं नाव देले. स्पेन सरकारनं 1991 साली स्थापन केलेली सेर्वांतेस संस्था ती घेते. तिची सगळ्यात खालची पायरी ए-वन. युरोपात सगळ्याच भाषांसाठी ज्या पायऱ्या आखून दिल्यात त्यातली ही पहिली, आणि ती चढलेल्याला काय काय यावं हे रीतसर लिहून ठेवलेलं आहे. रोजच्या गरजेची साधी वाक्यं बोलता यावीत, स्वतःची ओळख करून देता यावी आणि साधं संभाषण जमावं. मात्र समोरचा सावकाश आणि स्पष्ट बोलत असेल आणि मदत करायला तयार असेल तर. म्हणजे परीक्षा आमची आणि अट समोरच्याला! ही अट त्याला कळवायची कुणी, याबद्दल कागदावर काही नाही.

खरं तर मराठी माणसाला स्पॅनिश जड जाऊ नये. त आणि द आपलेच, र आपलाच, स्वर लिहिले तसे उच्चारायचे. क्रियापदावरूनच बोलणारा कोण ते कळतं, त्यामुळे 'मी' आणि 'तू' गाळले तरी अडत नाही. तू वेगळं, तुम्ही वेगळं. टेबल बाईमाणूस कसं काय, असं इंग्रज विचारत बसतो. आपण तीन लिंगांत लहानाचे मोठे झालो, दोनच आहेत म्हटल्यावर आपल्याला सूट मिळाल्याचा आनंद होतो. तरी वर्गात घोळ झाला, कारण शिकवणं इंग्रजीतून. 'मे गुस्ता एल काफे' या वाक्याशी आमच्या बाई कितीतरी वेळ झुंजल्या. इथे कॉफी ही कर्ता आहे, ती मला सुखावते असं समजा, असं त्या इंग्रजीत समजावत होत्या आणि अख्खा मराठी वर्ग कपाळाला आठ्या घालून ते वहीत उतरवत होता. शेवटी मागच्या बाकावरच्या एक काकू म्हणाल्या, "म्हणजे मला कॉफी आवडते. त्यात काय एवढं?" बाईंनी फळा पुसला.

वर्ग मेक्सिकोच्या सोयीचा असल्यामुळे आभार मानायला आम्ही 'ग्रासियास' शिकलो, आणि माद्रिदला उतरल्यावर ते 'ग्राथियास' निघालं. बटाटा तिकडे पापा, इकडे पताता. रस तिकडे हुगो, इकडे थुमो. बस पकडायला माद्रिदमध्ये लहान मूलही जे क्रियापद वापरतं, ते मेक्सिकोत चारचौघांत उच्चारू नये, असं आयटीतल्या एका मुलानं बजावलं. का उच्चारू नये ते विचारल्यावर बाईंनी पुढचा धडा काढला.

माद्रिदच्या बारमध्ये कॉफी मागणं हे पुस्तकातलं सगळ्यात सोपं वाक्य. (तिथल्या बारमध्ये सकाळी आजीबाई टोस्ट खात बसलेल्या असतात. पुण्याला फोनवर सांगताना आम्ही मात्र 'कॅफे' म्हणायचो. चाळीस घरांत खुलासे कोण करणार!) 'उन काफे कोन लेचे, पोर फाबोर' हे वाक्य नवऱ्यानं विमानात घोकलं होतं आणि ते वेळेवर उत्तम निघालं. पण काउंटरमागच्या माणसानं आमचं पुस्तक वाचलेलं नव्हतं. त्यानं उलटा प्रश्न टाकला.

"लेचे कालिएंते ओ तेम्प्लादा?"

दूध गरम की कोमट, एवढंच विचारणं होतं.

"सी," नवरा म्हणाला.

"कालिएंते ओ तेम्प्लादा?"

"सी, सी. ग्राथियास."

त्या माणसानं खांदे उडवले आणि त्याला योग्य वाटलं ते दिलं. नवऱ्याला वाटलं, जमलं. त्याचं असं म्हणणं की न कळलेल्या प्रश्नाला नाही म्हटलं तर समोरचा पुन्हा विचारतो, हो म्हटलं की विषय संपतो. बँकेतली सगळी नोकरी त्यानं याच तत्त्वावर काढली. सुपरमार्केटातल्या मुलीनं विचारलं, पिशवी हवी? सी. आमचं सभासद कार्ड आहे? सी. मग ती हात पुढे करून थांबली आणि हाही प्रेमानं तिच्याकडे बघत थांबला. न्हाव्याकडे 'मास कोर्तो?' या प्रश्नाला 'सी' म्हणाला. आणखी बारीक? सी. अजून? सी, सी. लेकीनं दार उघडलं आणि म्हणाली, "बाबा, तिरुपतीला कधी जाऊन आलात?"

माझं बस्तान बसलं ते मंडईत. माद्रिदच्या बहुतेक भागांत नगरपालिकेची बंदिस्त मंडई असते. आम्ही आंतोन मार्तीनच्या मंडईत जायचो. तिथे फळवाल्यापुढे चार बायका चार दिशांना तोंडं करून गप्पा मारत उभ्या. रांग म्हणून काही दिसतच नाही. ती असते, पण प्रत्येकीच्या डोक्यात असते. नवीन आलेली बाई पोचताक्षणी मोठ्यानं विचारते, "किएन दा ला बेथ?" म्हणजे पाळी कोण देतंय? जी शेवटची असेल ती हात वर करते. झालं, आता तुम्ही तिच्यामागे. मग खुशाल पलीकडे जाऊन पाव घ्या, चीजवाल्याशी हुज्जत घाला, कुणी तुमची पाळी खात नाही. अट एकच. तुमच्यानंतर कुणी येऊन तोच प्रश्न विचारला की 'यो!', म्हणजे 'मी!', म्हणून ओरडायचं. त्या वेळी तुम्ही पुस्तकातलं योग्य क्रियापद शोधत राहिलात, तर घरी बटाटे जात नाहीत. काही दुकानांत नंबरची चिठ्ठी देणारी यंत्रं आली आहेत. मंडईतल्या आज्या त्या यंत्राकडे पाहतसुद्धा नाहीत. 'मी यांच्या मागे आहे हं' असं सांगून रेशनच्या रांगेतून घरी जाऊन कुकर लावून परत आलेली आमची पिढी. मला ही व्यवस्था कुणी समजावून द्यावी लागली नाही. आपण फक्त जागेवर पिशवी नाहीतर वीट ठेवून जातो, तिथे शब्दावर भागतं.

वजनाचं तर विचारूच नका. माझ्या पुढची बाई म्हणाली, "कुआर्तो इ मिताद." शब्दशः पाव आणि निम्मं. इंग्रजीतून हिशेब करणारा इथे साडेसातशे ग्रॅम धरून बसतो. खरा अर्थ पाव किलो आणि त्या पावाचं निम्मं, म्हणजे 375 ग्रॅम. सव्वा, दीड, पावणेदोन आणि अडीच ज्यांच्या जिभेवर आहेत त्यांना हे कळायला किती वेळ लागणार? घड्याळाचंही तेच, आठला पाव कमी म्हणजे पावणेआठ. आमचा नातू घरी मराठी बोलतो, पण पावणेआठ म्हटलं की बोटं मोजतो, आणि शाळेतून येताना तेच 'ओचो मेनोस कुआर्तो' म्हणून ऐटीत सांगतो.

शिवाय तिथली भाजीवाली मला 'ग्वापा' म्हणते, म्हणजे सुंदरी. कधी 'रेइना', म्हणजे राणी. ती सगळ्यांनाच म्हणते, शेजारच्या नव्वदीच्या आजींनाही म्हणते, हे मला दिसतं. पण आमच्या पुण्याच्या मंडईत माझे केस पिकल्यापासून 'बोला आजी' याखेरीज काही ऐकलेलं नाही. दोन गल्ल्या पलीकडे टोमॅटो स्वस्त होते आणि तिथला माणूस मला काहीच म्हणत नसे. मी राणीच्याच दुकानात जात राहिले. नवऱ्याला चीजवाला 'खोबेन' म्हणायचा, म्हणजे तरुण, तेव्हा घरात महिनाभराचं चीज साठलं.

नमस्कार-चमत्कार कधी करायचे यावर मात्र आमची गाडी अडली. पुस्तकात तीनच ओळी : सकाळी बुएनोस दियास, दुपारी बुएनास तार्देस, रात्री बुएनास नोचेस. पण सकाळ संपते कधी? तिथे सकाळ जेवणापर्यंत चालते, आणि जेवण दोननंतर. त्यामुळे दुपारी दीडला लिफ्टमध्ये भेटलेला शेजारी मनापासून शुभ प्रभात म्हणतो. जूनमध्ये रात्री साडेनऊ वाजून गेले तरी ऊन असतं, तेव्हा ती दुपारच. यामागे राजकारण आहे. माद्रिद ग्रिनिचच्याही पश्चिमेला, पण 1940 साली फ्रांकोच्या राजवटीत घड्याळं एक तास पुढे केली ती कुणी मागे केलीच नाहीत. उन्हाळ्यात तर आणखी एक तास पुढे. आमच्याकडे तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावायचा असतो. लेकीच्या घरी मी निरांजन हातात घेऊन पावणेदहापर्यंत सूर्याची वाट बघायची, आणि नातू तोवर शुभंकरोतीशिवाय झोपलेला. सातला भूक लागली म्हणून हॉटेलात गेलं तर स्वयंपाकघर बंद. रात्रीचं जेवण नऊच्या आधी मागणारा तिथे एकतर आजारी नाहीतर परदेशी.

आणि जेवायला काय मागायचं? शाकाहारी मराठी माणसाला ए-वनच्या पुस्तकानं इथे अगदी तोंडघशी पाडलं आहे. 'सिन कार्ने', म्हणजे मांसाशिवाय, एवढं शिकवून ते थांबतं. पण स्पेनमध्ये कार्ने म्हणजे मोठा तुकडा. खामोन, म्हणजे वाळवलेल्या डुकराच्या मांडीचे ते पारदर्शक काप, हे मांसात धरायचं की मिठामसाल्यात, याबद्दल स्वयंपाक्याचं मत वेगळं असतं. मसुरीच्या आमटीत चोरिथोचा, म्हणजे डुकराच्या सॉसेजचा, तुकडा चवीपुरता. आणि 'सांद्विच बेखेताल' हे नाव वाचून ज्यांनी ज्यांनी सुटकेचा श्वास टाकला, त्यांना आत बहुतेक वेळा ट्यूना नाहीतर उकडलेलं अंडं भेटतं. लेट्युस आहे म्हणून व्हेज, असा तिथला साधा हिशेब. म्हणून पुस्तक बाजूला ठेवून लेकीनं आम्हाला एक माळ पाठ करायला लावली. सिन कार्ने, सिन खामोन, सिन पोयो, सिन आतून, सिन चोरिथो. नवरा ही माळ इतक्या लयीत म्हणायचा की वेटर ऐकत उभा राहायचा. संपल्यावर विचारायचा, "मग तुम्ही खाता तरी काय?" त्याचं उत्तर 'सी' नव्हतं, पण मिळायचं तेच.

उरतं काय, तर तोर्तिया. मेक्सिकोत ही मक्याची पोळी, स्पेनमध्ये बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट. आमच्याकडे अंडं घराबाहेर चालतं, आणि माद्रिद हे घराबाहेरच होतं. त्यात कांदा घालावा की घालू नये यावर स्पॅनिश माणूस सख्ख्या भावाशी भांडतो. 'कोन थेबोया' की 'सिन थेबोया' हे विचारून घेतल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. नवऱ्याला विचारलं तेव्हा काय उत्तर मिळालं ते सांगायला नकोच. खरं जेवण भेटलं ते सेव्हियात : पालक आणि छोले, वर जिऱ्याचा वास. तिथली माणसं शब्दांचे शेवट गिळतात, 'पेस्कादो'चं 'पेस्काओ' करतात, त्यामुळे माद्रिदला जे निम्मं कळत होतं त्याचंही निम्मं झालं. नुसतं कुआर्तो म्हणा हवं तर. पण जिऱ्यानं फोडणीची आठवण करून दिली आणि नवऱ्यानं त्या दिवशी 'सी'ऐवजी 'मास' म्हणजे 'आणखी' हा शब्द आपणहून वापरला.

आता सांगायला लाज नाही, मला सगळ्यात अस्खलित येणारं स्पॅनिश वाक्य मेट्रोनं शिकवलेलं आहे. माद्रिदची मेट्रो 1919 सालची, जुनी स्टेशनं वळणावर. तिथे गाडी थांबता थांबता आवाज येतो, 'आतेन्थिओन, एस्ताथिओन एन कुर्बा', आणि पुढे उतरताना डबा आणि फलाट यांच्या फटीत पाय घालू नका अशी विनंती. तोंडात घोळवण्यासारखं लांबलचक, नम्र, व्याकरणशुद्ध वाक्य आहे. ते मी झोपेतही म्हणू शकते. पण ते म्हणण्याची पाळी कुणावर येणार? एका आजींनी मला विचारलं, किती स्पॅनिश येतं? मी ते म्हणून दाखवलं. त्यांनी खाली वाकून माझे पाय बघितले.

रोजच्या जगण्याला लागणारं स्पॅनिश याहून फार थोडं आहे, आणि त्यातलं निम्मं 'बाले' या एका शब्दात भागतं. लिहितात व, म्हणतात ब. बाले म्हणजे बरं, ठीक, कळलं, चालेल, पुरे, आणि आता फोन ठेव. लेकीच्या शेजारीण बाई फोन ठेवताना म्हणतात, "बाले, बेंगा, पुएस नादा, बाले, आस्ता लुएगो, बेंगा, आदिओस, बाले," आणि मग पुन्हा एक विषय काढतात. माझ्या नणंदेचं 'बरं, ठेवते मग, हो, चल, बरं, ठेव तू' याच लांबीचं आहे. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत शिरणारा प्रत्येक जण सगळ्या अनोळखी माणसांना 'बुएनोस दियास' म्हणतो, निघताना 'आस्ता लुएगो', म्हणजे भेटूच थोड्या वेळानं. भेटायचं कुणालाच नसतं, त्यातून दाताच्या दवाखान्यात. पण आपणही 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो.

दाताचा दवाखाना निघाला म्हणून सांगते. नवऱ्याची दाढ दुखायला लागली, 'मे दुएले', म्हणजे मला दुखतंय, हे वाक्य त्याला येत होतंच, म्हणून लेकीनं वेळ घेऊन दिली आणि आम्ही दोघंच गेलो. काउंटरवरच्या मुलीनं नाव विचारलं. आपल्या नावात मधे वडील नाहीतर नवरा असतो. स्पॅनिश माणसाच्या नावात शेवटी दोन आडनावं असतात, सहसा पहिलं वडिलांचं, दुसरं आईचं. त्यामुळे माझ्या मधल्या दत्तात्रयाला तिनं माझ्या वडिलांचं आडनाव केलं आणि मी सेन्योरा दत्तात्रय झाले. जोशीतला ज तिथे घशातून ह आणि ख यांच्या मधोमध निघतो, म्हणून नवरा सेन्योर खोसी. इथपर्यंत ठीक. मग तिनं दोघांचे पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. लग्न झालं म्हणून स्पेनमध्ये बायकोचं आडनाव बदलत नाही. एका वयाच्या दोन माणसांचं आडनाव एक असलं तर त्याचा अर्थ एकच. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि फार गोड हसून विचारलं, "सोन एर्मानोस?" भाऊ-बहीण का तुम्ही?

"सी, सी," नवरा गाल धरून म्हणाला, "ग्राथियास."

मी तोंड उघडायच्या आत तिनं ते टाइप करून टाकलं. नवरा माझ्याकडे वळून म्हणाला, "बघ, किती पटकन झालं काम!"